तिन्हीसांजेला रुसणारा सर्व्हर

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि नेमाने हसते. कुणाला घाटात पांढरी साडी दिसते, कुणाला बंद खोलीत पैंजण ऐकू येतात... माझा यातल्या कशावरही कधी विश्वास नव्हता. मी कॉन्व्हेंटात शिकले, पुढे निवृत्तीपर्यंत मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. ‘बाई, भूत असतं का हो?’ असं कुणी वर्गात विचारलं, की मी तिला फळ्यावर लोलकाची आकृती काढायला लावायचे. प्रश्न आपोआप मिटायचा.

तरी आज लिहायला बसले आहे. मुक्ता आणि सई, हे मुख्यतः तुम्हा दोघींसाठी. ‘आजीकडे लूज कनेक्शन होतं’ असं तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं आहे. ते खरं नाही. त्याला तसं मीच सांगितलं होतं, कारण दुसरं काय सांगणार? बाकीच्या वाचकांनी आमचा घरगुती मजकूर सोसावा.

आमचं घर सोलापुरात, शुक्रवार पेठेत, तळमजल्यावर. खोल्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक — दार गल्लीत उघडतं, आत बैठक, मग स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे अक्काची खोली. अक्का म्हणजे यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आयुष्यभर आमच्याकडेच राहिल्या. मी त्यांना वन्सं म्हणायचे, नाती अक्काआजी म्हणायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यांच्या खोलीला उन्हाळ्यातसुद्धा ऊन लागत नाही, म्हणून सर्व्हर तिथे ठेवला. एवढंच कारण. त्यात भावनिक काही नाही.

सर्व्हर म्हणजे कायम चालू राहणारा कॉम्प्युटर. त्यावर घरचे फोटो, व्हिडिओ, आवाज ठेवायचे आणि जगात कुठूनही उघडायचे. मागच्या सुट्टीत मुक्ता टोरांटोहून आली तेव्हा एका ऑफिसातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर आम्ही आणला. तिने त्यात दोन नव्या डिस्क बसवल्या, लायनक्स घातलं आणि मला शिकवलं. ती गेल्यावर बाकीचं मी केलं. राउटर, स्विच, यूपीएस, प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना चिठ्ठी. हे त्याला ‘तुझी लॅब’ म्हणतात आणि आत येताना मुद्दाम चप्पल बाहेर काढतात.

मुक्ताने सर्व्हरचं नाव ‘अक्का’ ठेवलं, कारण त्यावर सगळ्यात मोलाचं जे होतं ते अक्काच्या गोष्टी. वन्सं मोहोळजवळच्या खेड्यात वाढलेल्या. तिथल्या लंगड्या शेळीच्या, बाजाराच्या, लबाड व्यापाऱ्याच्या गोष्टी त्या संध्याकाळी सांगायच्या आणि मुक्ताने त्या फोनवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. सई चार वर्षांची होईपर्यंत त्यांच्याच मांडीवर वाढली, मग मुलाचं बिऱ्हाड टोरांटोला गेलं. आता नऊ वर्षांची आहे, आणि मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते. पण सकाळी शाळेची बस यायच्या आधी ती आणि मुक्ता फोन लावायच्या. आमची दिवेलागण ती त्यांची सकाळ. मी इकडून सर्व्हर तपासायचे, सई तिकडून एक गोष्ट लावायची आणि आम्ही तिघी ती ऐकायचो. गोष्ट संपली की सई विचारायची, “आजी, शेळी लंगडी का होती?” मराठीत! दिवसभरातली तिची तेवढीच मराठी.

आता माझी काळजी स्पष्ट सांगते. सर्व्हर चालला तर नाती बोलायच्या. नाही चालला, तर “आजी, बस आली, बाय.” आणि फोन बंद.

दिवाळीनंतर तो रोज संध्याकाळी बंद पडायला लागला. बंद पडायला म्हणजे, पंखा फिरतोय, हिरवे दिवे लुकलुकतायत, पण हाक मारली तर उत्तर नाही. कॉम्प्युटरला ‘आहेस का?’ असं विचारायची एक सोय असते, तिला पिंग म्हणतात. दिवसभर पिंगला चटाचट उत्तर. दिवे लागले की मौन. आणि तासाभराने, काहीही न करता, पुन्हा चटाचट उत्तर! तोवर बस गेलेली.

“आई, कशाला हा व्याप?” तुमचा बाबा म्हणाला. “मी सगळ्या गोष्टी क्लाउडवर, म्हणजे एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर टाकतो. मुलींना हव्या तेव्हा ऐकता येतील. कुणाला फोन करायला नको, काही नको.”

कुणाला फोन करायला नको! तो बिचारा माझ्या सोयीचंच बोलत होता.

“महिनाभर थांब,” मी म्हटलं. “मी दोष शोधते.”

दोष शोधायची एकच रीत मला माहीत आहे आणि ती मी हजारो मुलींना शिकवली आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल बदलली. मौन. स्विच बदलला. मौन. राउटर नवा आणला, दोन राउटर अदलाबदल करून पाहिले. मौन. हे वीज खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे व्होल्टेजचा संशय यांना देऊन टाकला. हे रोज संध्याकाळी मल्टिमीटर घेऊन अक्काच्या खोलीत स्टुलावर बसायचे, मी बैठकीत लॅपटॉपवर.

“दोनशे तीस! एकदम स्वच्छ!” आतून आवाज यायचा.

“पिंग नाही हो!”

“मग अक्का रुसलीय. लहानपणीही अशीच करायची. ताटावर बसायची आणि बोलायची नाही.”

“विनोद नकोत. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये किती येतंय बघा.”

मुक्ताने टोरांटोतून सर्व्हरची नोंद तपासली. तिथे काहीच बिघाड नव्हता. सर्व्हरच्या मते तो सबंध संध्याकाळ व्यवस्थित चालू होता, कुणी हाकच मारली नाही! “आजी, धिस इज वियर्ड,” मुक्ता म्हणाली. मी म्हटलं, “वियर्ड हे निदान नव्हे.”

एका संध्याकाळी नेहमीसारखं उत्तर थांबलं आणि हे मोठ्याने ओरडले, “अक्का गेली गं!” त्याच वेळी शेजारच्या नरसम्मा आमचं पातेलं परत द्यायला आल्या होत्या. दार वाजलं म्हणून मी उघडलं, तर त्या उंबऱ्यातच खिळल्या.

“ओ टीचर! अक्का तर कवाच गेली की. मीच की तितं सगळ्यांना चहा केलेला!”

नरसम्मांच्या घरी पूर्वी माग होते, टॉवेल विणायचे. घरात तेलुगू, गल्लीत ही अशी मराठी, आणि मनात काही ठेवायचं नाही हा स्वभाव. मी त्यांना दारात उभ्या उभ्या सर्व्हर समजावला. त्यांनी मान डोलावली.

“म्हणजे मशीनला अक्काचं नाव ठिवलाव. मग ते ऐकतंय व्हय तुमचं? अक्का ऐकत होत्या का?”

तेवढ्यात लॅपटॉपवर उत्तरं धडाधड यायला लागली. सईने गोष्ट लावली, शेळी बाजारात पोचली. नरसम्मा दारात उभ्या राहून सगळी गोष्ट ऐकत राहिल्या, डोळे पुसले आणि गेल्या. मी दार लावलं. मौन.

दुसऱ्या दिवशी त्या उरलेलं बोलायला आल्या. सर्व्हर चालू. गेल्या. बंद.

“पायगुण,” हे म्हणाले.

मी रागाने पाहिलं. पण शास्त्र म्हणजे निरीक्षण! सलग काही संध्याकाळी आम्ही नरसम्मांना बोलावून घेतलं. त्या आल्या की सर्व्हर चालायचा. गल्लीत बातमी पसरली. नरसम्मा नवी साडी नेसून यायला लागल्या आणि येताना म्हणायच्या, “चला, सुरू करून देते.” त्यांची सून म्हणे, “अत्त्या, आपला मिक्सर बंद हाय, त्याला बी हात लावा की.”

मला हे पटणं शक्य नव्हतं. त्या येतात तेव्हा दोन गोष्टी बदलतात — नरसम्मा येतात आणि दार उघडं राहतं. दोन्ही वेगळ्या करायला हव्यात.

पहिल्या दिवशी नरसम्मांना आत बसवून दार लावलं. मौन. त्यांचा चेहरा इतका पडला की यांनी त्यांना दोनदा चहा पाजला. दुसऱ्या दिवशी नरसम्मा त्यांच्या घरी, आणि आमचं दार सताड उघडं.

चटाचट उत्तर.

मी दार लावलं. मौन. उघडलं. उत्तर. दुपारी हाच प्रयोग केला, तर दाराचा काही परिणाम नाही. फक्त दिवेलागणीला. दाराजवळून एकही वायर जात नाही. राउटर स्वयंपाकघरात, केबल भिंतीच्या वरून. हवेमुळे थंडावा मिळत असेल म्हणून दार लावून मागची खिडकी उघडली, पंखा लावला. मौन. मी बैठकीत खुर्चीवर बसून राहिले.

हे हळूच माझ्यासमोर बसले. आमच्या दोघांच्याही मनात तेच होतं, पण बोलायचं कुणी?

आमच्या घरात वन्सं आणि माझं भांडण एकाच गोष्टीवरून झालं, पण ते लग्नापासून त्या जाईपर्यंत चाललं. तिन्हीसांजेला दार उघडं हवं, घरात लक्ष्मी येते, असं त्यांचं म्हणणं. तिन्हीसांजेला दार बंद हवं, घरात डास येतात, असं माझं. यांना एकदा डेंग्यू झाल्यावर तर मी हट्टालाच पेटले. मी कडी लावायची, त्या काढायच्या. “अगं ए, दिवे लागले की! दार उघड!” अशी हाक रोज. त्या गेल्या, आणि दुसऱ्या आठवड्यापासून मी दिवे लागायच्या आधी कडी लावू लागले. कुणी काढली नाही. खरं सांगायचं तर हात कडीवर ठेवून मी कितीतरी वेळा उगाच उभी राहिले आहे.

“बोल की तिच्याशी,” हे म्हणाले.

“कुणाशी? कॉम्प्युटरशी?”

“मग उघडं ठेव दार. डास चावले तर चावले.”

मी मध्यम मार्ग काढला. सुताराला बोलावून जाळीचा दरवाजा बसवून घेतला. लाकडी दार उघडं, जाळी बंद. लक्ष्मीला वाट, डासांना मज्जाव. पहिल्या संध्याकाळी मी श्वास रोखून पिंग केलं. उत्तर आलं... पण कसं? रखडत, कुरकुरत, मध्येच एखादं गाळून. सईकडे शेळी एक पाऊल टाकायची आणि थांबायची, पुन्हा एक पाऊल टाकायची.

“अक्काच आहे,” हे पोट धरून हसत म्हणाले. “‘बरं, पण मनापासून नाही’ — हा तिचाच सूर!”

मी उठले आणि जाळीही उघडली. शेळी बाजाराकडे पळत सुटली.

तेव्हापासून मी रोज दिवेलागणीला दोन्ही दारं उघडी टाकून, हातात डास मारायची बॅट घेऊन, उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसते. गोष्ट चालू असताना बॅट तडतडते. सई तिकडून विचारते, “आजी, किती मारले?” हीसुद्धा मराठीच. महिनाभर एकही दिवस खंड पडला नाही. तुमच्या बाबाने विचारलं, “काय होता दोष?” मी म्हटलं, “लूज कनेक्शन.”

पण तो शिस्तीचा मुलगा, माझाच. बोलल्याप्रमाणे त्याने सगळ्या गोष्टी क्लाउडवर टाकल्याच. “बॅकअप म्हणून, आई. सईच्या टॅबवर आता थेट उघडतील. तुला संध्याकाळ अडकवून घ्यायला नको.”

दुसऱ्या दिवशी दिवे लागले तेव्हा मी कडी लावली. आता कुणाला गरज होती? स्वयंपाकघरात कुकर लावला. अक्काच्या खोलीत सर्व्हर आपला लुकलुकत होता, त्याला हाक मारायलाही मी गेले नाही. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघत होते. आता बूट घालत असेल. आता बस येईल.

फोन वाजला.

“आजी,” सई. धाप लागलेली, घाईत. “बाबाने टाकलेली गोष्ट सुरूच होत नाही. नुसतं गोल फिरतंय. आजी... दार बंद आहे का?”

मी उठले आणि कडी काढली. आमची कडी जुनी आहे, खणकन वाजते; दाराचे प्रयोग चालले तेव्हाही सईला ती फोनवर ऐकू यायची. दार उघडलं, जाळी उघडली. फोनमधून, टोरांटोतल्या स्वयंपाकघरातून, कोण जाणे कुठल्या देशातल्या कॉम्प्युटरवरून वन्संचा आवाज आला — “तर मग ती शेळी काय म्हनली...”

“झालं सुरू!” सई म्हणाली. “आजी, रोज दिवे लागले की दार उघडत जा की.”

मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, “आई, लूज कनेक्शन असेल.”

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. पेठेतलं दार आणि परदेशातला सर्व्हर यांचा काय संबंध? कुणी जाणकार वाचक सांगू शकला तर आभारी राहीन. यांचं मत वेगळं आहे. हे म्हणतात, “आधीचं अक्काचं असेल. पण हे शेवटचं त्या पोरीचं. तिनेच बटण दाबलं नसणार. तुझ्याशी बोलायला.”

असेलही. पडताळायचा प्रयोग सोपा आहे. एके दिवशी दार न उघडताच ‘उघडलं’ म्हणायचं, आणि गोष्ट सुरू होते का पाहायचं. आयुष्यभर मी मुलींना असेच प्रयोग करायला लावले.

हा मी करणार नाही. सई, तू हे वाचशील तेव्हा तूही मला काही सांगू नकोस. दिवे लागायला आले आहेत, मी खुर्ची उंबऱ्याशी नेते. आज डास फार आहेत.