देवाला पोचलेली सुकेळी
सुकेळ्यांचं, म्हणजे आमच्या वसईच्या उन्हात वाळवलेल्या केळ्यांचं पुडकं उघडलं की तो मधासारखा वास येतो आणि मला केरळातलं समुद्राकाठचं एक देऊळ आठवतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी आणि आमच्या निर्मळ गावचा माझा ख्रिस्ती शेजारी तिकडची देवळं बघायला गेलो होतो. निघताना त्याच्या आईने असंच पुडकं दिलं होतं, "देवापुढे ठेवा रे." त्या देवळात पुरुषांनी सदरा काढूनच आत जायचं. आम्ही काढला, आणि त्याच्या गळ्यातला क्रूस उघडा पडला. पुजाऱ्याने हात आडवा केला. मला त्यांची भाषा येत नव्हती. येत असती तरी काय बोललो असतो कोण जाणे. पुडकं माझ्या हातात देत शेजारी म्हणाला, "जा तू, मी चपला सांभाळतो." मी गेलो. सुकेळी कुणाच्या घरची, हे आत कुणीच विचारलं नाही. बाहेर आल्यावर त्यातलंच एक केळं त्याने प्रसाद म्हणून दोन्ही हातांनी घेतलं. गावी परतल्यावर त्याच्या आईने मला विचारलं, "दोघांना दर्शन झालं ना?" त्याने मान खाली घातली. "झालं," मी म्हणालो. ती माउली कधीच गेली. सुकेळी अजून त्याच घरून येतात, पण मी ती देवापुढे ठेवत नाही.