धागा बांधलेलं ढेमसं

प्रतीक्षा मेहरेने आजवर वाघ पाहिलेला नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला तिच्या वर्गाची सहल सेमाडोहला गेली, तेव्हा सगळ्यांनी वाघाच्या चित्राचा एक फलक पाहिला, त्याच्यासमोर फोटो काढले, पुरीभाजी खाल्ली आणि बस अमरावतीला परत आली. सहलीच्या अहवालात अठरा पक्षी होते. ते आदल्या वर्षीच्या अहवालातही होते, त्याच क्रमाने. पक्षी इतके शिस्तीचे असतात हे तिला तोवर माहीत नव्हते.

तिने स्वतःच्या अहवालात एकच पक्षी लिहिला. पुरीचा तुकडा उचलून नेणारा सातभाई. प्राणिशास्त्राच्या सहदेव सरांनी तो वाचून चष्मा पुसला.

"बाकीचे सतरा कुठे गेले?"

"मला दिसले नाहीत, सर."

"मग जे दिसतं त्याच्यावरच प्रकल्प कर," सर म्हणाले. ही शिक्षा होती की सल्ला, हे तिने विचारले नाही.

तिला रोज दिसायचे ते वेलीवरचे गोल, हिरवे ढेमसे. तिवशापासून चार किलोमीटरवर तिच्या वडिलांचे, डोमाजींचे, घराला लागूनच दोन एकर भाजीचे वावर होते आणि त्यात फेब्रुवारीत लावलेल्या ढेमशाच्या सोळा ओळी. बियाणे घरचे. आजोबांनी कुठून तरी आणले, तेव्हापासून दर वर्षी थोडे राखून पुन्हा लावत आलेले. पण तीन वर्षांपासून ते पोचट निघत होते. निम्मे बी उगवतच नसे. पहिल्या वर्षी डोमाजींनी अमावास्येला दोष दिला, दुसऱ्या वर्षी पोत्याला. तिसऱ्या वर्षी दोष द्यायला काही उरले नाही.

"यंदा नीट निघालं तं निघालं," ते जेवताना म्हणाले, "नाही तं दुकानातलं पाकीट आणतो." बल्ब बदलायचा असल्यासारखे म्हणाले. पण दुसरी भाकर त्यांनी परत टोपल्यात ठेवली, ते प्रतीक्षाने पाहिले.

मार्चअखेर फुले आली. प्रतीक्षा तीन दिवस सकाळी सातपासून धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, वही घेऊन बसली. साडेसातला एका ओळीत शेहेचाळीस मधमाश्या. आठ वाजता डोमाजी पाठीवर पंप घेऊन आले. साडेआठला दोन मधमाश्या, त्यातली एक जमिनीवर.

"बाबा, फवारा संध्याकाळी मारत जा नं."

"काहून?"

"सकाळी फुलावर माश्या येतात. त्याच मेल्या तं बी कसं भरन?"

"तुह्या आज्यानं जन्मभर सकाळीच काम केलं."

"आज्याच्या वक्ती पंप होता का? तो तं तीन वर्षांआधी आला."

डोमाजींनी विचार केला. "नव्हता. पण असता तं सकाळीच मारला असता."

आणखी एक कारण होते, ते घरात कोणी बोलत नसे. संध्याकाळी पाच ते सात डोमाजी तिवशाच्या चहाच्या टपरीवर असत. वीस वर्षांत हा नेम दोनदाच चुकला होता. एकदा लग्नामुळे आणि एकदा मयतामुळे.

शेवटी त्यांनी तिला धुऱ्याकडच्या चार ओळी दिल्या. "याच्यावर संध्याकाळी तू मार. औषध तेच, पंप तोच. फरक दिसला तं पाहू."

पुस्तकात लिहिले होते, की निरीक्षणाच्या फुलांना खूण करावी. प्रतीक्षाने आईच्या शिलाईच्या डब्यातून दोन रिळे घेतली. एकाच सकाळी तिने बाबांच्या ओळींतल्या चाळीस फुलांच्या देठांना लाल धागा बांधला आणि स्वतःच्या ओळींतल्या चाळीस फुलांना पिवळा. फुले सगळी मादी, पाकळ्यांखाली गोटीएवढे ढेमसे असलेली. भाजी तोडायला बावीस वर्षे येणारी वच्छलाकाकू पलीकडच्या ओळीतून बघत होती.

"ते वांझ फुलं काहून सोडले वं?"

"काकू, ते वांझ नाहीत. नर आहेत."

"मंग मी काय सांगून राहिली," वच्छलाकाकू म्हणाली. "फळ तं येत नाही नं त्याले."

दहाव्या दिवशी ढेमसी तोडायची आणि वजन करायचे, असे ठरले होते. प्रतीक्षा टोपले आणि तराजू घेऊन वावरात गेली. पहिल्या लाल धाग्याकडे हात नेला, तोच वच्छलाकाकूने तिचे मनगट धरले.

"काय करून राहिली?"

"तोडून राहिली. वजन कराचं आहे."

"धाग्याचं?"

"हो. त्याच्यासाठीच तं बांधला."

"धागा बियाण्याले बांधतात. बांधला म्हणजे ते फळ आपलं नाही राह्यलं. तोडलं तं वंश तोडला."

खरेच होते ते. जे फळ बियाण्याला ठेवायचे, त्याला धागा नाहीतर चिंधी बांधायची, म्हणजे तोडणाऱ्याचा हात त्याला लागत नाही. प्रतीक्षा हे पाहतच मोठी झाली होती. ऐंशी धागे बांधताना तिला ते एकदाही आठवले नव्हते. धागा तिला पुस्तकातून आला होता.

आरडाओरड न होता भांडण झाले. वच्छलाकाकू ओळीत आडवी बसली. डोमाजी आले. त्यांनी धागे पाहिले.

"बांधले कोणी?"

"मी."

"मंग झालं. मी बांधले असते तं सोडलेबी असते एखाद् वेळेस."

"अन् माझा प्रकल्प?"

"प्रकल्प पिकू दे," डोमाजी म्हणाले.

तिने वेलीवरच मोजले. लाल धाग्याची एकोणीस फळे टिकली होती, पिवळ्याची तेहेतीस. तिने आकडे दाखवले.

"त्या बाजूले पाणी जास्त जाते," डोमाजी म्हणाले आणि टपरीवर गेले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना ती एसटीच्या खिडकीशी बसली होती. नांदगाव पेठला रात्रपाळी संपवून सूतगिरणीतल्या बाया चढल्या. त्यांच्या केसांत कापसाचे तंतू होते, आणि प्रत्येकीने कुठे काम केले ते त्यावरून न विचारता कळत होते. माशीही जिथे काम करते तिथे अशीच काही खूण सोडत असणार, असे प्रतीक्षाला वाटले. वजन केले असते तर त्यात पाणीही मोजले गेले असते आणि बाबांचे म्हणणे खोडता आले नसते. पण एकेक बी भरायला एकेक परागकण लागतो, आणि तो आणायला माशी. बी मोजले, की माशी मोजली जाते. फळे बियाण्यासाठीच राखली होती.

सरांनी प्रकल्पाच्या तक्त्यात 'वजन' खोडून 'बी' लिहायला परवानगी दिली. उन्हाळी परीक्षा नेहमीप्रमाणे पुढे गेली, त्यामुळे ढेमशांना पिकायला वेळ मिळाला. पुढे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पद्धत मध्येच का बदलली असे विचारले, तेव्हा तिने "वच्छलाकाकूंनी तोडू दिलं नाही" असे खरे ते सांगितले. त्यांनी तीन गुण कापले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वेल वाळले. ढेमसी पिवळी, टणक झाली. प्रतीक्षाने ती अंगणात आणली, दोन ढीग केले आणि फोडायला बसली. पिवळ्या धाग्याच्या फळांत सव्वाशे, दीडशे बिया. लाल धाग्याच्या फळांत साठ, सत्तर, एकात अकरा. ती आकडा बोलत होती आणि वहीत लिहीत होती. डोमाजी ओट्यावर बसून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी न सांगता दोन घमेली पाण्याने भरून आणली. भरलेले बी बुडते आणि पोचट तरंगते, हे त्यांना कोणत्या कॉलेजात शिकावे लागले नव्हते.

पिवळ्या धाग्याचे बी एका घमेल्यात टाकले. बहुतेक सगळे तळाला गेले. लाल धाग्याचे दुसऱ्यात टाकले.

"हे तं पोहून राहिलं सारं," वच्छलाकाकू म्हणाली.

डोमाजी घमेल्यावर वाकले. तरंगणाऱ्या बियांमध्ये त्यांचे तोंड दिसत होते, थोडे थोडे.

"त्या बाजूले पाणी..." ते म्हणाले आणि थांबले.

त्यांनी बोटांनी तरंगणारे बी बाजूला सारले, खाली काय उरते ते पाहिले आणि हात धोतराला पुसला. मग बुडालेले पिवळ्या धाग्याचे बी सुपात काढले आणि सावलीत पसरले. चार दिवसांनी ते वाळल्यावर फडक्यात बांधून आजोबांच्या बियाण्याच्या खुंटीला टांगले. गाठ मारायला त्यांनी अंगणात पडलेला पिवळा धागा घेतला. पाकिटाचा विषय निघाला नाही.

त्या दिवशी पाच वाजता त्यांनी गाडीची किल्ली घेतली नाही. ढेमशांच्या शेजारच्या तुकड्यात त्यांचीच काकडी फुलावर आली होती. त्यांनी भिंतीवरचा पंप उतरवून पाठीला लावला, तोंडाला दुपट्टा बांधला. खिशातला फोन वाजला. त्यांनी नाव पाहिले आणि तो वाजत असतानाच परत खिशात टाकला.

"कोणाचा आहे, बाबा?"

"टपरीवरचे आहेत. मेलो का पाहून राहिले."

आणि ते ओळीत शिरले. प्रतीक्षाने वही उघडून वेळ लिहिली. पाच वाजून दहा मिनिटे.