भिकाची भूमिका

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आणि आता सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही — डोकं फिरलंय म्हणून सांगतोय. परवा इथल्या, सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या मंडळाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, हार, सगळं. माइकवर म्हणाले, सरांनी कामगार कलावंतांसाठी साहेबलोकांशी भांडण घेतलं. मी? मी भांडण घेतलं? आणि मी नम्र चेहरा करून ऐकत बसलो. तो मला छान जमतो, नट आहे ना.

नट मात्र खरा, हौशी नव्हे. ऐंशीच्या दशकात सात वर्षं एका नाटक कंपनीच्या बसमधून गावोगाव हिंडलो. कधी नोकर, कधी हवालदार. नायक आजारी पडला तेव्हा चार प्रयोग नायकसुद्धा — त्या चार प्रयोगांवर मी जन्मभर मिजास केली. मग कंपनी बंद पडली. कुणी कुत्रं विचारेना. शेवटी हा धुळ्याकडचा नट सिल्वासाला आला आणि खडोलीच्या एका सूत कारखान्यात टाइमकीपर झाला. इथे मात्र माझा भाव वधारला. गणपतीतलं कामगारांचं नाटक मी बसवायचो.

एका वर्षी बापाची मुख्य भूमिका मी भिकाला दिली. भिका आमच्याच कारखान्यात मशीनवर होता, साक्रीकडचा. त्यालाच का दिली? कारण त्याला ती झेपणार नाही याची मला खात्री होती. तो पडेल, मग सगळे म्हणतील, सर, तुम्हीच करा. इतका हलकट विचार मी केला होता, आणि वर स्वतःला उदार म्हणवून घेतलं.

पण झालं भलतंच. दिवसपाळी सुटली की तालीम असायची. भिका केसांत कापसाचे तंतू घेऊन तसाच उभा राहायचा, आणि तो बोलायला लागला की कोपऱ्यात पत्ते कुटणारे पत्ते खाली ठेवायचे. एका प्रवेशात बाप मुलाला घराबाहेर काढतो. मुलगा अनवाणीच निघून जातो. भिका खाली बसला आणि मुलाच्या राहिलेल्या चपला त्याने उंबऱ्यापाशी नीट जोडून ठेवल्या. हे संहितेत नव्हतं, मी सांगितलंही नव्हतं. सात वर्षांत मला असं काही सुचलं होतं का? माझ्या पोटात दुखायला लागलं — दुसरं काय?

मॅनेजर जोशीसाहेब, पुण्याचे, एकदा तालीम बघायला आले. जाताना मला म्हणाले, "या माणसाला कुठे लपवून ठेवलं होतं?" एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना काय सांगितलं? साहेबांना भिकाची भाषा खटकली. असला खानदेशी हेल स्टेजवर नको म्हणाले. मी खूप भांडलो, पण ऐकेनात. आता बाप मलाच करावा लागेल.

भिकाने मला बाजूला घेतलं. "मनं काय चुकनं, भाऊ?" ही माझ्या आईची भाषा. कंपनीत लोक हसायचे म्हणून मी ती घासून घासून जिभेवरून काढली होती. एरवी त्याला अरे-तुरे करणारा मी, पुस्तकी मराठीत म्हणालो, "तुमचं काही चुकलेलं नाही. वरचा निर्णय आहे."

कामगार जोशीसाहेबांवर उखडले ते कायमचे. साहेब नोकरी सोडून जाईपर्यंत त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही. का, हे त्या सज्जन माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही. मला रोज दिसत होतं. मी तोंड उघडलं नाही.

प्रयोगात मी त्या चपला जोडून ठेवल्या. अगदी भिकासारख्या. अख्ख्या कामगार वसाहतीने टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या रांगेत बसून भिकानेही.

पडदा पडल्यावर तो आत आला. मला वाटलं, आता हा चपलांचं काढणार. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळे भरले होते त्याचे.

"तुम्ही मनासाठे साहेबसंगे भांडनात, भाऊ. मी कधीच इसरसू नही."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "असू दे रे."