रामटेके काकांचा रिपोर्ट आणि अलिबागचं पाणी

टूरवरून आल्यावर बॅगा दोन दिवसांत रिकाम्या होतात, किस्से मात्र भरतच जातात. जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळाची अलिबागची किनारा-सफर एका दिवसाची होती, पण तिच्या गप्पा अजून संपत नाहीत.

गाइड मी होते. डिग्री झाली, टूरिझमचा डिप्लोमा झाला, तरी ज्येष्ठांच्या लेखी मी पोरगीच. म्हणून खमरियाच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले रामटेके काका मंडळासाठी टूरचा रिपोर्ट लिहिणार होते. तो चांगला आला तरच पुढच्या टूर्स माझ्याकडे.

सकाळी बसमध्ये मी माइक घेतला. काका म्हणाले, "बेटा, तू बस. गाइड कधी येऊन राहिला?"

"मीच गाइड आहे, काका."

"अच्छा," म्हणून त्यांनी वहीत लिहायला घेतलं. अर्धं पान भरलं.

*

नागावच्या किनाऱ्यावर सगळे धावत सुटले आणि पाण्याच्या अगदी काठाशी थबकले. पाणी कपाळाला लावल्याशिवाय पाय कसा टाकायचा? सगळे वाकले. "नर्मदे हर!"

शहाळेवाला मला हळूच म्हणाला, "ताई, त्यांना सांगा, हा समुद्र आहे."

अधारतालच्या शोभाकाकूंनी ऐकलंच. "माहीत आहे, भैया. पण आमची नर्मदा याच समुद्राला मिळते. पोरगी इतक्या दूर आली, तर हाक नको मारायला?"

*

घाटावर शेवटच्या पायरीशी काढतात, तशा सगळ्यांनी चपला अगदी पाण्याच्या कडेला काढल्या. मी घसा फोडून सांगितलं, भरती आहे, वर ठेवा. ऐकतो कोण? दहा मिनिटांत चौदा जोड समुद्रात.

"पाणी चढलं काहून?" शोभाकाकू.

काकांचं उत्तर तयार होतं. "धरणाचं गेट उघडलं असेल. बरगीचं उघडलं की आपल्याकडे नाही चढत?"

"काका, समुद्राला धरण नसतं."

"तू किती धरणं पाहिली?"

*

बाजारात एकाच रंगाच्या रबरी चपला मिळाल्या. चौदा जोड, सगळे निळे. जेवून बाहेर आलो तर खानावळीच्या दारात भांडण. शेवटी शोभाकाकूंनी निकाल दिला, "ज्याचा पाय ज्यात जाईल, ती त्याची. चलो."

एक जण उरलेला दिवस दोन डाव्या चपला घालून फिरला, दुसरा दोन उजव्या.

*

दुपारी ओहोटीला आम्ही अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत गेलो. "चारच्या आत परत, नाहीतर वाट पाण्याखाली जाईल," मी तीनदा सांगितलं.

काका हसले. "गेट एका दिवसात दोनदा नाही उघडत."

चारला सगळे किनाऱ्यावर होते, काका सोडून. साडेचारला मी होडी घेऊन निघाले. काका अर्ध्या वाटेत एका खडकावर उभे, कमरेपर्यंत भिजलेले, दोन्ही हातांत निळ्या चपला.

होडीत बसल्यावर त्यांनी खिशातून वही काढली. पानं चिकटली होती, शाई वाहून गेली होती. किनारा जवळ येईपर्यंत काका एकेक पान सोडवत राहिले. मग पेन माझ्यापुढे धरलं.

"रिपोर्ट तूच लिही. सही मी करतो."

"काय लिहू?"

"टूर फर्स्टक्लास झाली म्हणून लिही." त्यांनी चपलेतलं पाणी झटकलं. "आणि लिही, होडीत मी हौसेनं बसलो."