सुरतेचा वाचक

भाचा घर सोडून गेला तेव्हा मी वर्ध्याच्या एका मराठी दैनिकातून नुकताच निवृत्त झालो होतो. हरवलेल्यांच्या जाहिराती अनेक वर्षं माझ्या टेबलावरून जात. मजकूर ठरलेला असे: वय, रंग, बांधा, जाताना अंगावर असलेले कपडे, संपर्क. भाच्याची जाहिरातही मीच लिहिली. धाकट्या बहिणीने ती वाचून घेतली आणि एक शब्द बदलायला सांगितला.

"हरवला नाई तो, दादा. गेला."

ते खरं होतं. मुलगा सज्ञान होता. कपड्यांची बॅग घेऊन वर्ध्याकडे येणाऱ्या एसटीत बसताना गावातल्या माणसांनी त्याला पाहिलं होतं. फोन त्या दिवसापासून बंद लागत होता. पोलिसांनी नोंद घेतली आणि स्वतःहून गेलेल्या माणसाला आम्ही बळजबरीने आणू शकत नाही, असं सांगितलं.

बहिणीचं घर आंजी मोठीला. भाजीपाल्याची शेती. वांगी, मेथी, पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, वर्ध्याच्या बाजारात येतो. भाच्याला वांग्यांना ठिबक सिंचन टाकायचं होतं, त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या मेहुण्यांना, ते पटत नव्हतं. एका सकाळी बाजारातच विषय निघाला आणि मेहुणे गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "तुले काय समजते बे? मोबाईलमंदी पाहून वांगे पिकते काय?" मुलाने समोरच्या गिऱ्हाइकाला वांगी तोलून दिली. दुसऱ्या दिवशी तो गेला.

जाहिरात छापून आली. तिचा उपयोग झाला नाही.

वर्षभराने बहीण बाजार आटोपून नालवाडीला माझ्या घरी आली. चहा समोर ठेवला तरी तिने कप उचलला नाही.

"दादा, तो फोनात सारंच पाहे. भाव पाहे, पानी पाहे. आता जिथी असन तिथी कदीमदी गावाचं नाव टाकत असनच ना?"

"टाकत असेल."

"मंग त्याले काय दिसते?"

मी गावाचं नाव टाकून दाखवलं. पिनकोड आला. लोकसंख्या आली. बँकेच्या शाखेचा कोड, नकाशा, आणि दुसऱ्याच एका आंजीचा फोटो. तिने फोन हातात घेतला आणि बोटाने पडदा सरकवत शेवटपर्यंत गेली.

"आपलं घर काऊन नाई याच्यात?"

नालवाडीतच एक बाई कॉम्प्युटरचा क्लास चालवतात. डॉक्टरांच्या आणि शिकवणी वर्गांच्या वेबसाइटही त्या करून देतात. मी बहिणीला त्यांच्याकडे नेलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी आधी जागेचं समजावलं.

"काकू, साइट म्हणजे घर. ते ठेवायला जागा भाड्याने घ्यावी लागते. त्याला होस्टिंग म्हणतात."

"कोनाची जागा?"

"कंपनीची. तिच्या कॉम्प्युटरवर आपलं पान राहतं."

"आन भाडं चुकलं तं? सामान रस्त्यावर?"

"सामानच राहत नाही, काकू."

"मंग आमच्या वर्ध्याचे घरमालक बरे म्हनायचे," बहीण म्हणाली. त्या वर्षात ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

फुकटची जागा होती, पण तिथे पानावर भलत्याच जाहिराती येतात आणि बरेच दिवस कोणी फिरकलं नाही तर पान काढून टाकतात. स्वस्त जागा होती, पण कॉम्प्युटर परदेशात, पान उघडायला वेळ लागणार. तिसरी जागा मुंबईतल्या कॉम्प्युटरवरची. बाई म्हणाल्या, "त्याचा फोन जुना असेल, रेंज कमी असेल. पान लवकर उघडलं नाही की माणूस मागे फिरतो."

"दारात आला आन फिरला, असं नाई पाहिजे," बहीण म्हणाली. तिने तिसरी जागा घेतली आणि जेवढी मोठी मुदत मिळत होती तेवढी घेतली.

पानावर काय लिहायचं हा पुढचा प्रश्न होता. फोटो आणि 'घरी परत ये' असं मोठ्या अक्षरात लिहायचं माझ्या डोक्यात होतं. बाईंनी ते खोडून काढलं. स्वतःला शोधणारं पान दिसलं तर तो उघडणार नाही. शिवाय शोधणाऱ्याला ज्या गोष्टी हव्यात त्या पानावर असतील तरच सर्चमध्ये पान वर येतं. म्हणून पान गावाच्या नावाचं करायचं. गावाचं नाव लोक ज्या ज्या प्रकारे लिहितात तसं ते मजकुरात आलं पाहिजे. भाजीचा भाव, पाऊस, शेतातलं काम, हे दर आठवड्याला नवं लिहायचं, कारण शिळं पान खाली जातं.

दिवाळीनंतर पान सुरू झालं. बहीण फोनवर सांगायची, मी ते प्रमाण भाषेत लिहून चढवायचो. 'या आठवड्यात काटेरी वांगी निघाली. धुक्यामुळे मेथीवर मावा आला.' सगळ्यात खाली दोन वाक्यं कायम होती: 'घरी सगळे ठीक आहेत. फोन नंबर तोच आहे.'

मेहुण्यांना हे पटलं नव्हतं. "काय साळेबुवा, पेपर बंद झाला तं आमच्या वांग्याच्या बातम्या देऊन राह्यले काय?" ते विचारायचे.

हिवाळाभर पान कुठेच नव्हतं. उन्हाळ्यात ते पिनकोडच्या खाली, पण पहिल्या पडद्यावर आलं. आषाढात एकदम वर गेलं. गावाचं नाव टाकलं की सगळ्यात आधी बहिणीच्या वावराचा फोटो दिसू लागला. नियमित मजकुराचं हे फळ आहे, असं मी धरून चाललो. बाईंनाही तसंच वाटलं.

पान कुठून उघडलं जातं याचा अहवाल मला फोनवर दिसे. नागपूर, अमरावती, पुणे अशी नावं असत. आषाढातच त्यात सुरत आलं. कोणीतरी गावाचं नाव शोधून, सकाळच्या वेळी, रोज पान उघडत होतं आणि मजकूर खालपर्यंत वाचत होतं. शहराचं नाव अंदाजाने येतं, त्यावर फार विसंबू नका, असं बाईंनी बजावलं होतं. मी बहिणीला सुरतेबद्दल सांगितलं आणि बाईंची सूचनाही सांगितली. तिने पहिलं तेवढं ऐकलं.

"सुरतले लय कारखाने हायेत ना, दादा? पोट्टे जातेत तिकडे."

"जातात."

त्या दिवसापासून मजकूर बदलला. ती भाव सांगेनाशी झाली. आज गोळ्याची कढी केली, असं लिही. मागच्या दाराला नवी कडी लावली, असं लिही. मी लिहीत गेलो. बातमी म्हणून त्यात काही नव्हतं.

मेहुणेही बदलले. आधी मला वाटलं ते थट्टाच करताहेत. सकाळी फोन यायचा, "उघडलं काय सुरतवाल्यानं?" मी हो म्हटलं की लगेच ठेवायचे. श्रावणात त्यांनी वांग्यांच्या अर्ध्या वावरात ठिबक टाकलं. नळ्या पसरून झाल्या त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः मला मजकूर दिला.

"लिहा, ठिबक टाकलं. फोटो पाठोतो. नळी नीट दिसली पाहिजे."

"अजून काही?"

"पानी कमी लागते, असं लिहा. तो म्हने तसंच झालं."

शेवटचं वाक्य मी 'पाणी अपेक्षेप्रमाणे कमी लागले' असं केलं. छापील मजकुरात 'तो' कोण, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, अशी माझी सवय. मेहुण्यांनी ते वाचून घेतलं आणि फोन करून सांगितलं, "नाई. मी म्हनलो तसंच ठेवा." मी तसं ठेवलं. दुसऱ्या सकाळी सुरतेहून पान उघडलं गेलं, आणि त्या फोटोवर वाचणारा बराच वेळ थांबला होता. हेही मी कळवलं.

भाद्रपदात बहिणीकडे महालक्ष्म्या बसतात. जेवणाच्या दिवशी नातलग येतात. सोळा भाज्या असतात आणि त्यांतल्या बहुतेक तिच्याच वावरातल्या. त्या दुपारी पंगत बसली होती. मेहुणे आंबील वाढत होते. पंगतीत त्यांची भाची होती. लग्न होऊन ती दोन-तीन वर्षांपूर्वी सुरतेला गेली, हे मला माहीत नव्हतं. मी त्यांच्या बाजूच्या नातलगांना फारसा ओळखत नाही. बहिणीला आणि मेहुण्यांना अर्थात ते माहीत होतं, पण सुरत म्हटल्यावर त्यांच्यापैकी कोणालाही भाची आठवली नव्हती.

"मामी," ती जेवता जेवता म्हणाली, "माहा नेम अजून एक दिवसही नाई चुकला बरं. आंघोळ, देवपूजा, आन मंग तुमचं पान."

"कोनतं पान?" मेहुण्यांनी विचारलं.

"घ्या! मामाले माहीतच नाई. मामीनं सगळ्याईले चातुर्मासाचा नेम देल्ला ना. रोज गावाचं नाव टाकाचं, पान उघडाचं, खालपर्यंत वाचाचं. मंग ते वर येते म्हने."

पंगतीतल्या इतर बायका बोलू लागल्या. अमरावतीची चुलत नणंद म्हणाली, ती दुपारी उघडते. पुण्याची म्हणाली, तिच्या घरी सासूही उघडते. कोणीतरी म्हणालं, लाख वाती करण्यापेक्षा हा नेम सोपा. सगळ्या हसल्या.

जास्त माणसांनी शोधून उघडलं तर पान वर यायला मदत होते, असं बाई एकदा बहिणीला म्हणाल्या होत्या. आषाढी एकादशीला बायका चातुर्मासाचा नेम धरतात, कोणी एक धान्य सोडतं, कोणी रोज देवाला प्रदक्षिणा घालतं. बहिणीने फोन करून नात्यातल्या प्रत्येकीकडून हा नेम मागून घेतला होता. नेम बोलून दाखवायचा नसतो म्हणून मला सांगितलं नव्हतं. आणि नेम सकाळी घरोघरी पाळला जातो तो अहवालात शहराचं नाव होऊन येतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मेहुण्यांच्या हातात आंबिलीचं भांडं तसंच होतं.

"रोज सकाळी तूच?" त्यांनी भाचीला विचारलं.

"हो ना, मामा."

"ठिबकचं वाचलं?"

"वाचलं. फोटो मोठा करून पाह्यला. लय चांगलं केलं, मामा."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पानावर आंबील वाढली. पंगत संपेपर्यंत ते वाढत होते. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. दुसरी पंगत बसायची होती, म्हणून ती आत वळली आणि पोळ्या मोजू लागली.

नातलग गेल्यावर मी तिला म्हणालो की सगळ्यांना आता थांबायला सांगता येईल, म्हणजे खरं काय ते कळेल.

"नेम मधात मोडत नाई, दादा. कार्तिकीपर्यंत चालू दे."

कार्तिकी एकादशी झाली. भाचीने सुरतेहून फोन केला, नेम पुरा झाला, तरी उघडत राहू का? बहिणीने तिला आणि बाकी सगळ्यांना एकच उत्तर दिलं.

"आता कोनीच उघडू नका. आपन सारे त्या वाटेनं चालून राह्यलो. तो आला तरी त्याचं पाऊल कसं वळखू येईन?" मग माझ्याकडे वळून, "तूही नको उघडू. लिहून टाकत जा फक्त."

सुरत त्याच आठवड्यात अहवालातून गेलं. पाठोपाठ अमरावती, पुणे, नागपूर गेलं. पान पिनकोडच्या खाली उतरलं, पण पहिल्या पडद्यावर टिकून राहिलं. बाई म्हणाल्या, एवढ्याशा गावाच्या नावाला एवढं पुष्कळ आहे. मी दर आठवड्याला पान न उघडता मजकूर आतल्या बाजूने चढवतो आणि अहवाल पाहतो. बहीण विचारते, मी सांगतो.

मेहुण्यांनी सकाळचे फोन बंद केले होते. पौषात एका दुपारी ते बाजारातून थेट माझ्याकडे आले. भाजीचे रिकामे कॅरेट बाहेर गाडीवरच होते.

"आता कोनीच नाई वाचत म्हन्ता?"

"सध्या कोणी नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग लिहा." ते खुर्चीच्या कडेवर बसले होते. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. "लिहा, मी वाट पाहून राह्यलो."

मी एकही शब्द बदलला नाही. त्यांनी स्क्रीनवर ते वाचून घेतलं आणि बाजारात माणूस थांबला आहे म्हणून उठले. ती ओळ पानावर आहे. अहवालात अजून कोणी आलेलं नाही.