बसंतीबाईचं रडणं

राळेगाव तालुक्यातल्या तांड्यांमध्ये कुठेही माणूस गेलं की बसंतीबाईला बोलावणं यायचं. बंजारा बायका एकमेकींच्या गळ्यात पडून, गेलेल्याचे गुण सुरात आळवत रडतात. त्यात बसंतीबाईचा हात धरणारी कोणी नव्हती. दुःखाने दगड झालेली बाईसुद्धा तिच्या मिठीत मोकळी व्हायची. पुरुष बाहेर बिड्या ओढत बसत. त्यांच्या गळ्यात पडून रडायची रीत नाही, अन् त्यांना काही विचारायची तर मुळीच नाही.

भादव्यात तिचीच लेक राखी गेली. एकुलती पोर, नर्सिंग शिकत होती, तीन दिवसांच्या तापात संपली. बसंतीबाईने रडून तांडा हलवला. नवरा हिरासिंगच्या डोळ्यात मात्र टिपूस नाही. चौथ्या दिवशी हा बाबा पाठीवर पंप लावून कपाशी फवारायला गेला! ती रोज सांजच्याला पोरीचं नाव घेऊन रडायची आणि हा दाराबाहेर भिंतीला टेकून मुकाट बसायचा. याला पोर कधी आपली वाटलीच नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं. अबोला धरला. दिवाळीनंतर कायमचं भाऊ देवसिंगकडे मारेगावला जायचं ठरवलं, अन् शेजारणींना तसं सांगूनही टाकलं.

झोप उडाली म्हणून ती दवाखान्यात गेली, तेव्हा तिथल्या समुपदेशक सुचित्राताईंपुढे हे सगळं बाहेर पडलं.

"बाईचा अन् पुरुषाचा मेंदू दुःख वेगळ्या तऱ्हेने हाताळत असेल, असं काही संशोधक म्हणतात," ताई म्हणाल्या. "पण सगळ्यांचं सारखं नसतं. त्यात मेंदू किती आणि लहानपणापासूनची सवय किती, हे अजून कोणालाच नीट ठाऊक नाही. तुम्ही त्यांना विचारलंत?"

 शंभर बायांना बसंतीबाईने मोकळं केलं होतं. बापाला, भावाला, नवऱ्याला, एकालाही कधी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने अबोला मोडला. "राखीसाठी तुमाले काहून रडू येत नाही?"

हिरासिंगने हाताच्या घट्ट्यांकडे पाहिलं. "कसा रडू? मले तिचा चेहराच आठवत नाही. डोळे मिटले का नुसता अंधार. तू तिचं नाव घेऊन रडतं ना, तवा दिसते मले. म्हनून बाहीर बसून राह्यतो." मग खालमानेने म्हणाला, "तू गेली त मले कोन दाखवन?"

बसंतीबाईला स्वतःची लाज वाटली. ती उठली, आणि कुठल्याच तांड्यात आजवर झालं नव्हतं ते तिने केलं. नवऱ्याच्या गळ्यात पडून, राखीच्या जन्मापासूनचं सगळं आळवत, रडायला सुरुवात केली.