आपोआप बघणारं यंत्र

अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमच्या सोलापुरात, यंत्रमागाच्या वस्तीतल्या एका मंगल कार्यालयात बायकांच्या छातीच्या कॅन्सरची मोफत तपासणी होती. रिक्षाला भोंगा लावून ओरडत फिरत होते, कुणाचा हात लागणार नाही, दुखणार नाही, सोनोग्राफीचं नवीन यंत्र आपोआप सगळं बघतं! सगळं म्हणे. माझी धाकटी बहीण तिच्या सासूबरोबर गेली. अशा ठिकाणी सून एकटी जातच नाही आमच्याकडं, सासू बरोबर लागतेच.

दारातच टेबल, मागं बायकांची ही एवढी रांग. टेबलावरच्या पोरीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "गाठबिठ लागते का हाताला?" अहो, काय ही रीत विचारायची? चादरीचा भाव विचारताय होय? भर रांगेत, सासूच्या देखत कुठली बाई हो म्हणेल! बहिणीनं मान हलवली, न्हाय; मागोमाग सासूनंही. मग आत झोपवून, जेल लावून, यंत्राचा रुंद पट्टा छातीवर दाबून फिरवला. चित्रं डॉक्टरनं नंतर बघितली. दोघींचे रिपोर्ट चांगले आले. घरात सगळे खूश.

थोड्या दिवसांनी ती माझ्याकडं शेंगाची चटणी कुटायला आली. हात वर केला आणि कळवळली.

"काय गं?"

"काखेत गाठ हाय, ताई. पण मशिनीला दिसली न्हाय, म्हंजे साधीच असंल की."

"आणि तितं सांगितलं का न्हाईस?"

"सासूबाई शेजारी व्हत्या. म्हटलं, आपोआप बघतंय तर बघंल."

टाळकंच सटकलं माझं. तिला ओढत मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो पट्टा काखेपर्यंत नीट पोचत नाही. गाठ आहे एवढं कळलं असतं, तर काखेत हातानं यंत्र फिरवून सोनोग्राफी केली असती. मग हे भोंग्यावर का नाही ओरडलात रे शिबिरवाल्यांनो? सगळं बघतं म्हणताना जीभ कशी अडखळली नाही? बाईला पडद्याआड नेऊन एकटीला हळूच विचारायला तुमच्या बापाचं काय जात होतं?

सुईची तपासणी झाली. कॅन्सरच निघाला. बहीण रिपोर्टची घडी घालत बसली, रडले ती मीच.

तिथून तिला घेऊन थेट तिच्या घरी गेले, भांडायच्याच तयारीनं. सासूला म्हटलं, "तुमच्या धाकानं गप बसली ही. कॅन्सर हाय तिला. आता बोला!"

म्हातारी उठली. सुनेचा हात धरून तिला आतल्या खोलीत नेलं, मलाही खुणेनं बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मलाबी हाय गं गाठ," सुनेकडं न बघताच म्हणाली. "लई दिस झालं. मलाबी इचारलं की त्या पोरीनं. पर तू शेजारी हुबी व्हतीस, सुनंपुढं कसं सांगू?"